बदलीने घर धरायचं नाही

आडनाव सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "मराठी छान बोलता हो तुम्ही." मी म्हणते, "तुम्हीही." पुण्यात एवढ्यावर तो विषय संपतो. दुसरा प्रश्न असतो, काय करता? त्याचं उत्तर मात्र इतक्या वर्षांत मला नीट देता आलेलं नाही. आर्किटेक्ट आहे म्हटलं की समोरचा आपल्या गळक्या बाल्कनीबद्दल सल्ला विचारतो. घरांची नव्हे, सॉफ्टवेअरची, म्हटलं की त्याचा भाचा अमेरिकेत असतो, आणि मग आम्ही भाच्याबद्दल बोलतो. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा" म्हणून सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण तसे अनुभव माझ्याकडे पुष्कळ आहेत. लिहायला बसले तर त्यांतली गंमत कुठे गेली तेच कळेना. तेव्हा आधीच सांगून ठेवते, हा लेख चकलीबरोबर वाचण्यासारखा नाही.

आधी धंदा समजावून सांगते. मंडई डोळ्यांपुढे आणा. मंडईचा मालक भाजी पिकवत नाही आणि विकतही नाही. तो गाळे बांधतो, दिवे लावतो, वजनकाटे तपासतो आणि कोणी कुठे बसायचं ते ठरवतो. विकणारे येतात कारण तिथे घेणारे असतात, घेणारे येतात कारण तिथे विकणारे असतात, आणि हमाल, टेम्पोवाले या दोघांच्या जिवावर येतात. पहिल्या दिवशी मात्र कोणीच नसतं, आणि कोणी नाही म्हणून कोणी येत नाही. ही कोंडी फोडणं हे आमचं पहिलं काम. दुसरं काम, दाराशी कोण बसेल आणि मागच्या अंधारात कोण, हे ठरवायची व्यवस्था करणं. मी जन्मभर अशा मंडया बांधल्या. फक्त त्या लोकांच्या फोनमध्ये होत्या.

कोड लिहिणारी मुलंमुली वेगळी. आर्किटेक्ट ठरवते ते एवढंच, की कुठली गोष्ट इमारतीच्या पायात घालायची आणि कुठली वर, हाताशी ठेवायची. पायात घातलेली गोष्ट बदलायची तर सगळी इमारत हलवावी लागते, म्हणून तिला कोणी सहजासहजी हात लावत नाही. वर ठेवलेली गोष्ट दिव्याच्या बटणासारखी, आज चालू, उद्या बंद. या धंद्यात शहाणी माणसंसुद्धा चुकतात ती इथेच. ज्याची खात्री नाही ते पायात घालतात, आणि ज्यावर सगळं उभं आहे ते बटणावर ठेवतात.

माझी शेवटची नोकरी हिंजवडीतल्या एका कंपनीत झाली. कंपनीचं ॲप होतं घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं. मंडईच्या भाषेत सांगायचं तर तिला तीन बाजू होत्या. एक, ज्यांना पोळ्या करायला बाई हवी अशी घरं. दोन, बायका. तीन, सोसायट्या, कारण गेटमधून कोण आत आलं हे त्यांना कळायला हवं असतं आणि त्यांनी नाही म्हटलं तर बाकी दोघांचं काही चालत नाही. कसबा पेठेतून हिंजवडीला कंपनीच्या बसने जायचे, म्हणजे आयुष्याचा चांगला भाग वाकडच्या पुलाशी उभं राहण्यात गेला. तिथे बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायची मला सवय होती. एका गृहस्थांनी पोळीवर ताटली ठेवून फोटो पाठवला होता, पोळी ताटलीबाहेर कुठे कुठे गेली ते बाणांनी दाखवून. बाणेरच्या एका बाईंना स्वयंपाकीण "बोलकी नको, पण घुमीही नको" होती, आणि तसं निवडायला ॲपमध्ये सोय का नाही म्हणून त्या रागावल्या होत्या. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "पाच दिले आहेत. यावरून बाईंनी चढून जाऊ नये."

पहिलं मोठं संकट गौरीपूजनाच्या दिवशी आलं. त्या दिवशी बायकांना स्वतःच्या घरी गौरी जेवू घालायच्या असतात, दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला कोण जाईल? पण आमच्या टीममध्ये निम्मी मुलं अशी होती की गौरी हे त्यांना मुलीचं नाव वाटत होतं. सिस्टिमला तर तेवढंही वाटत नव्हतं. तिला एवढंच शिकवलेलं होतं की न सांगता गैरहजर राहिलेली बाई यादीत मागे ढकलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पुण्यातल्या सगळ्या चांगल्या बायका यादीच्या तळाशी, आणि वर कोण, तर नाव नोंदवून कधी कामावर गेल्याच नव्हत्या अशा. गैरहजर राहायला आधी काम असावं लागतं ना. आम्ही त्या दिवसाची गैरहजेरी हाताने पुसली आणि मग मीटिंगला बसलो, की बायकांच्या सुट्टीचं काय करायचं. बाई सुट्टी घेते तेव्हा तिच्या घरांचं खरोखर काय होतं, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण आमच्या आळीत ते रोज घडत होतं.

कसब्यात मी आणि अम्मी राहतो त्याच्या समोरच्या खोलीत मंदाताई राहतात. यजमान लवकर गेले, आणि एकुलत्या मुलीला त्यांनी पोळ्यांवर शिकवून लग्न करून दिलं. शनिवार पेठेत आणि नारायण पेठेत त्यांची कामाची घरं, सगळी पायी जाण्यासारखी. दोन दारं सोडून सुमनताई. वयाने थोड्या लहान, नवरा रिक्षा चालवणारा, दोन मुलगे शिकणारे. काम तेच, पोळ्यांचं. या दोघी एकमेकींच्या बदली. मंदाताई आजारी पडल्या, गावाला गेल्या, की त्यांच्या घरांत सुमनताई जायच्या, आणि सुमनताईंना अडचण आली की मंदाताई. घरातल्यांना फक्त सांगायचं, "उद्यापासून माझी बदली येईल."

यात एकच नियम होता. बदलीने घर धरायचं नाही. घरातल्यांना तिच्या पोळ्या कितीही आवडोत, "तुम्हीच येत जा ना" असं कोणी म्हटलं की तिने म्हणायचं, "हे घर त्यांचं आहे." कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. फार पूर्वी एकीने बदलीत गेलेलं घर धरलं होतं, तर नळावर तिच्याशी कोणी बोलेना. पुढे तिला कोणी बदलीही जाईना, आणि बदली नाही म्हणजे सुट्टी नाही. मुलाला गोवर आला तेव्हा तिला ते कळलं, आणि तिने ते घर सोडलं.

मी मंदाताईंना विचारलं होतं, "पण घरातल्यांनाच तुम्ही नको असाल तर?"

"मग त्यांनी मला तोंडावर सांगावं," त्या म्हणाल्या. "मी काय त्यांचं दार अडवून बसलेय? पण माझ्या पाठीमागे नाही."

पेठेत हे सगळं तोंडी चालत आलं होतं. पण जुन्या घरांच्या जागी इमारती झाल्या, इमारतींना गेट आलं, आणि ज्यांची मुलं परदेशी त्या म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांनी तिकडूनच ॲपवर बाई लावून दिली. मंदाताईंची घरं अशी एकेक ॲपवर गेली आणि त्यांच्यामागे मंदाताईही गेल्या, सुमनताईही. गेटवरच्या रखवालदाराच्या फोनवर जिचा फोटो तीच आत. बदली गेटवरच अडू लागली.

म्हणून मी बदली नावाची एक वेगळी गोष्टच सिस्टिमच्या पायात घातली. घर आणि बाई यांचं नातं हे एक, आणि बदली हे दुसरं. बाईने आपली बदली स्वतः निवडायची, तिचा फोटो तेवढ्या दिवसांपुरता गेटवर जाणार, मुदत संपली की बदली आपोआप संपणार. आणि पहिल्या बाईला स्पष्ट नको म्हटल्याशिवाय त्या घराला ती बदली कायमची मागता येणार नाही. हे "का" म्हणून मुलांनी विचारलं. मी म्हटलं, "कसब्यात या, नळावर विचारा." एकदोघं खरंच आली, सुमनताईंकडे चहा पिऊन गेली, आणि त्यांनी तो भाग फार सुंदर लिहिला.

मी पुष्कळ बांधकामं केली. जुन्या पुस्तकांची मंडई, मंगल कार्यालयांची मंडई, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची. पण बदलीइतकं मला काही आवडलेलं नाही. बायका एकमेकींना सांगू लागल्या, "त्या ॲपवर बदली चालते," आणि दुसऱ्या ॲपवरच्या बायका आपल्या पायांनी आमच्याकडे आल्या. आमची कोंडी जाहिरातींनी फुटली नव्हती, ती नळावरच्या त्या नियमाने फुटली. मला वाटलं, आपल्याकडची एक चांगली रीत आपण फोनमध्ये नीट बसवली. तेव्हा मी फार खूश होते.

मग निखिल आला. ॲपमध्ये काय असावं, काय नसावं, हे आता तो ठरवणार होता. वाईट मुलगा नव्हे. सांगलीचा, हुशार, आईला रोज फोन करणारा. त्याच सुमारास कंपनी वाढली म्हणून आमची सॉफ्टवेअरची एकसंध इमारत पाडून तिच्या जागी लहान लहान स्वतंत्र भाग बांधायचे ठरले. वाढत्या कंपन्यांत हे होतंच, आणि त्यात गैर काही नाही. पण नव्याने बांधताना प्रत्येक जुनी वीट हातात घेऊन विचारलं जातं, ही हवी का? बदलीच्या नियमाची पाळी आली.

"मॅम, रूल ठेवतोय," निखिल म्हणाला. "फक्त फ्लॅगच्या मागे ठेवतोय. ऑन-ऑफ करता येईल."

"तो बटणावर ठेवायचा नाही. तो पाया आहे."

"मॅम, कस्टमरला बदली जास्त आवडली तर आपण त्याला नाही म्हणतोय. कुठला मार्केटप्लेस कस्टमरला नाही म्हणतो?"

"आपला म्हणतो. म्हणून तर बायका आल्या."

तो मनापासून म्हणाला, "आणि त्या बदलीवालीचं काय? तिचं काम चांगलं आहे, तिला घर मिळतंय, आणि आपण तिला अडवतोय. हे तिच्यावर अनफेअर नाही का?"

मी म्हटलं, आज जी बदली आहे ती उद्या बदली मागणारी असते. त्याने ते लिहून घेतलं. मी माझा विरोध लेखी दिला, सगळ्यांनी तो आदराने वाचला, आणि नियम बटणावर गेला. बटणावर गेलेली गोष्ट एक दिवस कोणीतरी बंद करून पाहणारच. त्याला आमच्याकडे प्रयोग म्हणतात. निम्म्या घरांना जुनं ॲप दाखवायचं, निम्म्यांना नवं, आणि कुठे काय फरक पडतो ते पाहायचं. नव्या ॲपमध्ये बदलीच्या शेवटच्या दिवशी घरातल्यांना विचारलं जायचं, "यांनाच कायम ठेवायचं का?" खाली हो आणि नाही.

प्रयोग यशस्वी झाला. गिऱ्हाइकं खूश होती. बायकांच्या सुट्ट्याही कमी झाल्या होत्या, आणि निखिलने ते पडद्यावर हिरव्या रंगात दाखवलं, बायकांची उपस्थिती सुधारली म्हणून. मी म्हटलं, उपस्थिती सुधारलेली नाही, बायका घाबरल्या आहेत. घाबरणं मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. बटण सगळ्या पुण्यासाठी बंद झालं.

आणखी एक गोष्ट तर कोणी ठरवूनही केलेली नव्हती. फोनवर आलेलं काम बाईने नाकारलं की ती यादीत खाली जायची, हा नियम पहिल्यापासून होता आणि त्याला कारणही होतं. नव्या ॲपमध्ये "कायम ठेवायचं" ही मागणी आलेलं काम म्हणूनच बदलीच्या फोनवर जाऊ लागली. म्हणजे "हे घर त्यांचं आहे" असं जी म्हणेल तिला सिस्टिम कामचुकार समजणार. दोन भाग दोन वेगळ्या मुलांनी लिहिलेले, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मंदाताईंच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या बारामतीला गेल्या आणि शनिवार पेठेतल्या त्यांच्या सगळ्यांत जुन्या घरी सुमनताई बदली गेल्या. घरात काका आणि काकू, मुलगा कॅनडात. मंदाताई परत आल्या आणि सकाळी नेहमीसारख्या गेल्या. दार उघडलं ते सुमनताईंनी, हात कणकेचे. त्या दोघी काय बोलल्या ते दोघींपैकी कोणी मला सांगितलं नाही. तेव्हापासून सुमनताई सगळ्यांच्या आधी पाणी भरून जाऊ लागल्या, म्हणजे नळावर गाठ पडायला नको.

मी काकूंकडे गेले. ओळख जुनी, त्यांनी आत बोलावून पाणी दिलं.

"अहो, आम्ही कुठे काय केलं?" काकू म्हणाल्या. "मुलाने तिकडून विचारलं, नवीन बाई बरी आहे का. आम्ही म्हटलं, बरी आहे. मग ते त्याच्या फोनवर काहीतरी आलं, त्याने हो केलं. आम्हाला वाटलं, मंदा येईपर्यंतच."

"मग आता मंदाताईच हव्यात म्हणून सांगा ना."

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "म्हणजे आता हिला काढायची. हिने काय घोडं मारलंय?"

काकांचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात मला एकही चुकीचं वागणारा माणूस सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

मंदाताईंनी त्या घराचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त सुट्टी घेणं बंद केलं. नातीचं बारसं बारामतीला झालं, त्या गेल्या नाहीत. ताप आला तरी गेल्या. ॲपने त्यांच्या नावापुढे सोनेरी चांदणी लावली, सलग हजेरीची. ती त्यांना दिसली नाही, मी सांगितली. तेव्हाच मला कळलं की त्यांना फोनवरचं दिसत नाही.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पार पिकलेला. डाव्यात सुरू होत होता. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, आजकाल लगेच घरी सोडतात, पण नंतर काही आठवडे शेगडीपुढे उभं राहायचं नाही. आणि उशीर करू नका, इतका पिकलेला मोतीबिंदू ठेवला तर डोळ्यात दाब वाढून डोळा जाऊ शकतो. मंदाताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इतके आठवडे माझ्या घरांत कोण जाईल? जी जाईल ती धरेल. ती नाही म्हणाली तरी ते तिला धरायला लावतील."

"घरातल्यांशी मी बोलते."

"तू बोललीस ना मागे, यास्मिन."

मी निखिलकडे गेले. मागायला मला लाज वाटली नाही. म्हटलं, सगळ्यांसाठी नको, कसब्यातल्या बायकांपुरतं ते बटण चालू कर. तेही नको, एकीपुरतं कर. त्याने लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा पडला. "मॅम, तो फ्लॅगच राहिला नाहीये. सगळीकडे ऑफ होता म्हणून क्लीनअपमध्ये मागचा कोडच काढून टाकला. आता तिथे काही नाहीये." आमच्या धंद्यातली ती चांगली सवय मानली जाते, जे कोणी वापरत नाही ते झाडून टाकायचं. मी विचारलं, पुन्हा बांधायचं? तो म्हणाला, "मांडतो मी." त्याने मांडलंही असेल. पण ज्याची तक्रार नाही ते काम आमच्याकडे कधी वर येत नाही, आणि बायका तक्रार करत नव्हत्या. त्या सुट्टी घेत नव्हत्या, एवढंच.

मग मी सुमनताईंकडे गेले. त्या भांडी घासत होत्या. मी बोलायला लागले तशा उठून हात पुसत आल्या.

"मी जाते ना," त्या म्हणाल्या. "सगळ्या घरांत जाते. एकही धरणार नाही. माझ्या मुलांची शपथ."

मग त्यांची नजर कोनाड्यातल्या फोनवर गेली आणि त्या खाली बसल्या. "मागच्या वेळी मी दोनदा नाही म्हणाले होते, यास्मिनताई. दोनदा. मग मला नवीन काम येणंच बंद झालं. माझी स्वतःची दोन घरं त्याच महिन्यात सुटली होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हणाले. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही मंदाताईंना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

"आता सगळ्या घरांचं ते विचारणार. एकेका घराचं. मी किती वेळा नाही म्हणेन?" त्या रडत नव्हत्या, नुसत्या फोनकडे पाहत होत्या. "शपथ मी मागे घेते. मी काय करेन ते माझं मलाच सांगता येत नाही."

मी नोकरी सोडली. त्यामुळे काहीच झालं नाही, हे इथे लिहिलं पाहिजे, कारण अशा लेखांत राजीनाम्याच्या परिच्छेदाला वाचक जरा सावरून बसतात. निरोप समारंभात निखिलने माझ्याबद्दल फार चांगलं भाषण केलं आणि ते खरंही होतं. मी बांधलेली मंडई आता दुसऱ्या शहरांतही आहे, आणि तिथल्या बायकांना बदली कधी पाया म्हणून होती हे माहीतसुद्धा नाही.

मंदाताईंना मी रोज म्हणायचे, आज ऑपरेशनसाठी नाव घालून येऊ. त्या म्हणायच्या, सुट्ट्या लागू देत, लोक गावाला जातील. लोक गावाला गेले, आणि त्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या पोळ्या तेवढ्या राहिल्या. उन्हाळ्यात एका सकाळी एका घरी त्या शेगडीपुढेच डोकं धरून बसल्या. डोळा लालभडक, उलट्या होत होत्या. त्या घरच्या लोकांनी मला फोन केला. दवाखान्यात नेईपर्यंत आणि दाब उतरवेपर्यंत जायचं ते गेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उजव्या डोळ्याने आता उजेडही कळणार नाही, आणि डावाही हळूहळू त्याच वाटेने चाललाय, तेव्हा त्याचं ऑपरेशन लवकर करून घ्या.

दुपारी सुमनताई आल्या. कोणी सांगितलं माहीत नाही, आळीत सांगावं लागत नाही. कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांनी त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींसमोर होत्या.

"दुसऱ्याचं लगेच करून घ्या, ताई," सुमनताई म्हणाल्या. "मी जाते तुमच्या घरांत. कितीही वेळा विचारू देत, मी नाहीच म्हणेन. माझी राहिलेली सगळी सुटली तरी चालतील."

मंदाताईंनी पट्टी नसलेला डोळा त्यांच्या आवाजाकडे वळवला. "तू म्हणशील. मला माहीत आहे तू म्हणशील."

"मग?"

"मग मी डोळा बांधून पडणार आणि दिवसभर मोजत बसणार, आज किती वेळा विचारलं असेल हिला, आज हिने काय सांगितलं असेल. सुमन, आत्ता कुठे तुझा राग यायचा थांबला गं. तो परत नको."

सुमनताईंनी कॉटखालची पिशवी उचलून मंदाताईंचं लुगडं नीट घडी करून ठेवलं आणि पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या.

"यास्मिन," मंदाताई म्हणाल्या, "मला उद्या सकाळी सोडतील का, विचारून ये. नारायण पेठेतल्या घरी ऑफिसचा डबा करून द्यायचा असतो."

मी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. मंदाताई स्वतःच्या जबाबदारीवर कागदावर सही करून रात्रीच घरी आल्या आणि सकाळी कामावर निघाल्या. मी दारातून पाहत होते. आळी जिथे वळते तिथे गाड्या आडव्या लावलेल्या असतात. त्या थांबल्या, उजव्या बाजूला हात पुढे करून चाचपडल्या. सुमनताई मागेच होत्या, त्यांचंही काम त्याच वाटेवर. दोन पावलं पुढे टाकली असती तर हात धरता आला असता. सुमनताई तिथेच उभ्या राहिल्या, आणि मंदाताई वळून दिसेनाशा झाल्यावर मग निघाल्या.